संत गाडगे महाराज आणि वारकऱ्याच्या रात्रीचा निवारा
(तीर्थक्षेत्रांची सेवा करणारे सत्पुरुष : चरित्रपरिचय)

भाविकहो, तीर्थक्षेत्री आलेला यात्रेकरू प्रथम विचारतो ते राहण्याच्या सोयीविषयी. पाय दुखत असतात, पाठीवरचे ओझे खाली ठेवावयाचे असते, बरोबरच्या वृद्ध माणसास टेकावयास जागा हवी असते. खोली मिळाली, हातपाय धुतले, घोटभर पाणी प्याले की मग मन देवाकडे वळते. देवाचे दर्शन हा यात्रेचा कळस असला तरी रात्रीचा निवारा हा तिचा पाया होय. हा पाया महाराष्ट्रातील गोरगरिबांसाठी ज्यांनी स्वतःच्या श्रमाने घातला, त्या संत गाडगे महाराजांचे चरित्र या पुस्तिकेत संक्षेपाने देत आहोत.

गाडगेबाबा पंढरपुरास वर्षानुवर्षे जात राहिले, परंतु दर्शनासाठी म्हणून ते मंदिरात गेले नाहीत. मंदिरात न गेलेल्या सत्पुरुषाचे चरित्र मंदिराच्या पुस्तिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बाबांच्या आयुष्यातच आहे. ते वाचकांनी शेवटपर्यंत वाचून स्वतः शोधावे, अशी विनंती आहे.

जन्म आणि बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचे नाव सखूबाई. वडील झिंगराजी यांना मद्याचे व्यसन जडले, त्यात घरदार गेले आणि डेबूजी लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. पुढे आयुष्यभर आपल्या कीर्तनांतून बाबांनी दारूवर जो प्रहार केला, त्याच्या मागे पुस्तकी उपदेश नव्हता, बालपणी डोळ्यांदेखत झालेली घराची राखरांगोळी होती.

निराधार झालेली सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आली. डेबूजी मामाच्या घरी वाढला. गुरे राखणे, नांगरणी, पेरणी, खळ्याची राखण अशी सर्व कामे तो करू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही, अक्षरओळख झाली नाही. मात्र अंगमेहनतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नदीत पोहण्यात तो पटाईत होता. रात्री भजन चाले, तेथे तो रमून जाई.

सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. संसार सुरू झाला, शेती पिकू लागली. परंतु मामाने सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचा फास आवळत गेला. निरक्षर शेतकऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही आणि कळते तेव्हा जमीन हातची गेलेली असते, हा अनुभव डेबूजीने घरातच घेतला. ऋण काढून सण करू नये, ऋण काढून तीर्थयात्राही करू नये आणि मुलांना शिकविल्यावाचून राहू नये, ही त्यांची पुढील शिकवण या अनुभवातून आलेली आहे.

पहिल्या कन्येच्या बारशाच्या वेळी एक प्रसंग घडला. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी मांस आणि दारू यांची पंगत होत असे. डेबूजीने ती प्रथा मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, तरी तो आपल्या निश्चयावरून ढळला नाही. समाजसुधारणेचा आरंभ त्यांनी स्वतःच्या अंगणात केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गृहत्याग आणि भ्रमण

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघाले. पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी पायी भ्रमणात घालविली. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक मातीचे फुटके गाडगे, असा त्यांचा वेष असे. त्याच गाडग्यात ते पाणी पीत, त्यातच भाकरी घेत. त्यामुळे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा म्हणत.

या भ्रमणात त्यांनी रस्त्यावरच्या माणसाचे जिणे स्वतः भोगले. वेषाकडे पाहून लोक त्यांना वेडा समजत, दारातून हाकलीत. कधी भाकरी मिळे, कधी उपवास घडे. रात्र झाडाखाली, नदीकाठी किंवा कोणाच्या ओसरीच्या बाहेर काढावी लागे. तीर्थक्षेत्रे, यात्रा, बाजार यांच्या गर्दीत ते मिसळून राहिले. यात्रेकरू कोठे झोपतो, काय खातो, कोणते पाणी पितो, आजारी पडला तर त्याचे काय होते, हे सर्व त्यांनी जमिनीच्या पातळीवरून पाहिले. ज्याला रात्री कोणी ओसरीवर घेतले नाही, त्यालाच छपराची किंमत कळते. पुढील धर्मशाळांचे मूळ या बारा वर्षांत आहे.

कोणत्याही गावात शिरले की प्रथम ते खराटा घेऊन गल्ल्या झाडू लागत. काही वेळाने गावकरी ओशाळून कामाला लागत. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावयाची, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनाची भाषा वऱ्हाडी बोलीची, साधी आणि थेट असे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कोणास पाया पडू देत नसत, कोणाचे गुरुपद स्वीकारीत नसत आणि कीर्तन संपले की सत्कार स्वीकारण्यासाठी न थांबता पुढच्या गावाची वाट धरीत.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीला उतरण्याची वाट चिखलाची असल्याने स्नानास येणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रिया आणि वृद्ध यांचे, फार हाल होत. गृहत्यागानंतर थोड्याच वर्षांत बाबांनी तेथे लोकांच्या श्रमदानातून घाट बांधून घेतला. यात्रेकरूंसाठी केलेले त्यांचे हे पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होय.

पायी वारीचा एक दिवस

बाबांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी पायी वारीतील एक दिवस कसा असतो, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्या भाविकांनी वारी केली आहे त्यांना हे परिचयाचे आहे. इतरांसाठी ही माहिती देत आहोत.

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. या सोहळ्यास आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी लावून दिली. पहाटे अंधारातच वारकरी उठतात. काकडा होतो. कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्यास आवराआवर, दुसऱ्यास रांगेत उभे राहणे आणि तिसऱ्यास प्रस्थान. दिंडीत पुढे भगव्या पताका, मागे टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. प्रहराप्रमाणे ठरलेले अभंग ठरलेल्या क्रमाने म्हटले जातात. दुपारी भोजन आणि घटकाभर विसावा. पुन्हा चाल. बहुतेक दिवशी पंधरा ते वीस किलोमीटर चालणे होते. पुण्याहून सासवडला जाताना मात्र दिवे घाट चढून तीस किलोमीटरहून अधिक मजल एकाच दिवसात मारावी लागते.

सायंकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समुदाय निःशब्द होतो. दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची वर्दी तेथे दिली जाते आणि ज्याची वस्तू त्याला परत मिळते. त्यानंतर आरती होऊन दिंड्या आपापल्या मुक्कामी जातात. भाकरी, कीर्तन, आणि मग झोप.

या झोपेपाशीच खरी अडचण होती. वारीचे दिवस पावसाचे. ज्यांची दिंडी संपन्न, त्यांच्या राहुट्या असत. ज्यांच्या जातीची धर्मशाळा, मठ किंवा ओळखीचे घर गावात असे, त्यांना छप्पर मिळे. परंतु जे अस्पृश्य मानले जात, त्यांना यांपैकी काहीच नव्हते. दिवसभर त्याच वाटेने, तेच नाम घेत, त्याच पावसात भिजत चाललेला माणूस सायंकाळी मात्र वेगळा ठरे. विहिरीवर त्याला मज्जाव, ओसरीवर मज्जाव आणि पंढरीस पोहोचल्यावर मंदिरातही मज्जाव. महाद्वारी श्रीनामदेवांच्या पायरीसमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे. तेथूनच कळसाला हात जोडून त्याने परतावयाचे आणि रात्र चंद्रभागेच्या वाळवंटात काढावयाची, अशी रीत होती.

त्यातच यात्रेच्या गर्दीत घाण साचे, नदीचे पाणी दूषित होई आणि पटकीची साथ पसरे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आषाढीच्या यात्रेतून ही साथ गावोगाव पोहोचत असे. उघड्यावर झोपणाऱ्याला तिचा धोका सर्वांत अधिक. घरून विठ्ठलाच्या ओढीने निघालेला गरीब वारकरी परत येईलच, याची खात्री त्याच्या माणसांना नसे.

चोखामेळा धर्मशाळा

पंढरपुरात आल्यावर गाडगेबाबांची वाट मंदिराकडे न वळता वाळवंटाकडे वळे. लाखो माणसे एकादशीचे पुण्य जोडून जात आणि त्यांच्या मागे राहिलेली घाण बाबा खराट्याने गोळा करीत. वाळवंटातच त्यांचे कीर्तन उभे राही आणि त्यास अलोट गर्दी लोटे. ज्यांना मंदिराचे दार बंद होते, त्यांना या कीर्तनात कोणी मागे बसविले नाही.

याच लोकांसाठी पंढरपुरात हक्काचे छप्पर उभारण्याचा संकल्प बाबांनी केला. सन १९१७ मध्ये हे काम हाती घेण्यात आले. स्वतःजवळ एका गाडग्यापलीकडे काही नसलेल्या माणसाने धर्मशाळा बांधावयास घेणे हे लोकांना प्रथम नवल वाटले. परंतु बाबांच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता. कीर्तनाला येणाऱ्या गरिबांनी आपापल्या परीने हातभार लावला, व्यापारी आणि धनिक मंडळींनी मोठ्या रकमा दिल्या. बाबा स्वतः बांधकामावर राबत.

या वास्तूस त्यांनी संत चोखामेळा यांचे नाव दिले. या नावात मोठा अर्थ आहे. चोखोबांचा जन्म परंपरेप्रमाणे विदर्भातील मेहुणाराजा येथला. म्हणजे ते बाबांच्याच वऱ्हाड मुलखातले. आयुष्यभर विठ्ठलाची भक्ती करूनही त्यांना मंदिरात प्रवेश मिळाला नाही. सन १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून त्याखाली त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी बांधली. दुसऱ्यांसाठी भिंत बांधताना ज्यांचा प्राण गेला, त्या चोखोबांच्या नावाने त्यांच्या लेकरांसाठी निवाऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा सहा शतकांच्या जवळपास काळ लोटला होता.

पंढरीचे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले. त्यानंतर मंदिराचे दार हरिजन बांधवांसाठी उघडले. म्हणजे गाडगेबाबांनी धर्मशाळेचे काम हाती घेतल्यानंतर तीस वर्षांनी. ही तीस वर्षे ज्यांना देवाच्या दारी जागा नव्हती, त्यांना बाबांच्या धर्मशाळेत जागा होती. तेथे ते पाहुणे म्हणून नव्हे, तर हक्काने उतरत.

धर्मशाळांची मालिका

पंढरपुरातील या पहिल्या धर्मशाळेनंतर बाबांनी पंढरपुरातच आणखी धर्मशाळा बांधल्या. नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रीही त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. नाशिकला गोदावरीकाठची धर्मशाळा ही त्यांतील मोठ्या वास्तूंपैकी एक होय. ज्ञानेश्वर महाराजांच्या आळंदीपासून आणि तुकाराम महाराजांच्या देहूपासून पंढरीपर्यंतची वाट पाहिली तर तिच्या दोन्ही टोकांना गरीब वारकऱ्यासाठी बाबांनी निवारा करून ठेविला आहे, असे दिसून येईल.

धर्मशाळा म्हणजे नुसत्या चार भिंती, असे बाबांनी कधी मानले नाही. यात्रेकरूस स्वयंपाकासाठी भांडी मिळावीत, पाणी स्वच्छ असावे, केरकचरा रोजच्या रोज निघावा, अंध, अपंग आणि कुष्ठरोगी यांना अन्न मिळावे, याकडे त्यांचे लक्ष असे. उतरणाऱ्याची जात विचारली जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. जेथे धर्मशाळा, तेथे सदावर्त आणि जेथे सदावर्त, तेथे शाळा किंवा वसतिगृह, असा त्यांच्या कार्याचा विस्तार होत गेला. यात्रांमध्ये देवाच्या नावाने होणारी पशुहत्याही त्यांनी ठिकठिकाणी आपल्या कीर्तनाने बंद पाडली.

धर्मशाळेची कल्पना त्यांनी तीर्थक्षेत्राबाहेरही नेली. दूरच्या खेड्यांतून रुग्णाला मुंबईस आणणारे नातेवाईक रुग्णालयाबाहेर पदपथावर दिवस काढतात, हे त्यांनी पाहिले आणि जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात अशा लोकांसाठी धर्मशाळेची सोय झाली. पुढे त्यांच्या नावाने दादर येथे उभी राहिलेली धर्मशाळा कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना आधार देत आहे. आजाऱ्याची वाट ही तीर्थाच्या वाटेइतकीच कठीण आणि तीही बहुधा परगावी, अनोळखी माणसांत काढावी लागते, हे बाबांनी ओळखले होते.

पैशाचा व्यवहार आणि स्वतःचे वागणे

देणगीदार वाचकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. बाबांच्या शब्दाखातर लाखो रुपये गोळा झाले. त्यांतील एक पैसाही त्यांच्या स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या उपयोगी आला नाही. प्रत्येक वास्तूसाठी विश्वस्त नेमावयाचे, कारभार त्यांच्याकडे सोपवावयाचा आणि आपण मोकळे व्हावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. आपला किंवा आपल्या वारसांचा या मालमत्तेवर हक्क राहणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली. स्वतः निरक्षर असलेल्या या पुरुषाने सार्वजनिक पैशाच्या बाबतीत घालून दिलेला नियम सुशिक्षितांनाही मार्गदर्शक आहे.

कुंताबाईंनी आणि मुलांनीही साधेपणानेच दिवस काढले. पतीने उभारलेल्या वास्तूंत शेकडो लोक सुखाने राहत असता त्या माउलीच्या वाट्यास मात्र कष्टच आले. बाबांच्या चरित्राचा विचार करताना कुंताबाईंच्या या मूक त्यागाचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

सन १९२३ मध्ये बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असता त्यांचा एकुलता पुत्र गोविंद याच्या निधनाची वार्ता आली. बाबांनी ती ऐकून घेतली आणि कीर्तन पुढे चालू ठेविले. जगात रोज कोणाचे ना कोणाचे लेकरू जाते, त्या सर्वांच्या दुःखाहून आपले दुःख वेगळे मानावयाचे नाही, अशी त्यांची वृत्ती होती. ती सर्वांना साधेल असे नाही. परंतु त्यांच्या जीवनात बोलणे आणि वागणे यांत अंतर नव्हते, याची ती साक्ष आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हजारोंना छप्पर देणारे बाबा स्वतः धर्मशाळेच्या खोलीत सुखाने राहिले नाहीत. ते बाहेर, झाडाखाली किंवा मोकळ्या जागी अंग टाकीत. धर्मशाळेतील जागा ही चालून थकलेल्याची आहे, ती आपण अडवू नये, असे त्यांचे वागणे सांगत असे.

थोरांचा स्नेह आणि उत्तरायुष्य

बाबांच्या कार्याकडे अनेक थोर पुरुष ओढले गेले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा त्यांच्याशी निकटचा स्नेह होता. कऱ्हाड येथे रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली काढलेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या साधूचे नाव महाविद्यालयास मिळावे, यात शिक्षणाविषयीच्या त्यांच्या तळमळीचा यथोचित गौरव आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. सुप्रसिद्ध साहित्यिक गो. नी. दांडेकर हे कोवळ्या वयात घर सोडून निघाले असता बाबांच्या सहवासात राहिले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा परस्परांविषयीचा आदर सर्वश्रुत आहे. सन १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मंदिराचे दार उघडले होते. आता पुढचे दार शाळेचे होते आणि ते उघडण्यासाठी बाबांनी आपली सर्वांत प्रिय वास्तू देऊन टाकली. बांधण्यासाठी ज्यांनी इतके कष्ट घेतले, त्यांना ती सोडताना मोह झाला नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे यांच्या कार्यास एक सूत्र लाभले. वय सत्तरीच्या पुढे गेले होते, प्रकृती ढासळत होती, तरी बाबांची भ्रमंती थांबली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने तो आवाज पुढील पिढ्यांनाही ऐकावयास मिळतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडीतून अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेविला. ज्यांचे सारे आयुष्य वाटेवर गेले, त्यांचा शेवटचा श्वासही वाटेवरच व्हावा, हा योग विलक्षण होय. अमरावतीस गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. विदर्भाच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी तेथे अवश्य जावे.

पुढील काळात शासनाने आणि समाजाने त्यांची स्मृती अनेक प्रकारे जतन केली. १९९८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. सन २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यातून अनेक गावांचे रूप पालटले. २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

यात्रेकरूंनी काय घ्यावे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बाबांनी मंदिरास विरोध म्हणून मंदिर टाळले, असे म्हणणे अपुरे आहे. संतांची वचने त्यांच्या मुखी अखंड असत, नामस्मरणाने त्यांची कीर्तने रंगत. परंतु जोपर्यंत वाटेवर एक जण उपाशी, उघड्यावर आणि अपमानित आहे, तोपर्यंत आपली सेवा तेथेच आहे, असा त्यांचा निश्चय होता. मंदिरातील देवाची पूजा करणारे पुष्कळ होते, वाळवंटातील देवाकडे पाहणारे थोडे होते. ती उणीव त्यांनी भरून काढिली. म्हणून मंदिर आणि धर्मशाळा यांत विरोध नाही. मंदिरात घेतलेले दर्शन धर्मशाळेतील वागणुकीत उतरावे, एवढेच त्यांचे सांगणे आहे.

हे ध्यानी घेऊन संस्थानच्या भक्तनिवासात उतरणाऱ्या सर्व भाविकांना पुढील नम्र विनंती आहे.

शेजारच्या खाटेवर कोण आहे, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, याची चौकशी न करता त्यास वारकरी समजावे. पायी चालून आलेले, वृद्ध, रुग्ण आणि लहान मुले बरोबर असलेल्या स्त्रिया यांना प्रथम जागा द्यावी. गरजेपेक्षा अधिक जागा अडवून ठेवू नये. खोली सोडताना ती आपण आलो त्याहून स्वच्छ करून सोडावी. केर काढण्यास कमीपणा मानू नये, कारण ज्यांच्या हाती आयुष्यभर खराटा होता, त्यांनाच महाराष्ट्राने संत म्हणून मस्तकी धरिले आहे. पाणी आणि अन्न वाया घालवू नये.

देणगीदारांना विनंती की, देवाच्या अलंकारांसाठी व उत्सवासाठी आपण जसा उदार हात पुढे करता, तसाच तो अन्नदान, पिण्याचे पाणी, प्रसाधनगृहे आणि भक्तनिवास यांसाठीही पुढे करावा. ही कामे दिसावयास लहान असली तरी रात्री भिजून आलेल्या यात्रेकरूस त्यांचेच मोल सर्वांत मोठे असते. देणगी कार्यालयातच द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब स्वच्छ ठेवण्यास त्यामुळे साहाय्यच होते आणि गाडगेबाबांनी घालून दिलेली रीतही हीच आहे.

वारी दरवर्षी निघते, दरवर्षी नवी पावले त्या वाटेला लागतात. त्या प्रत्येक पावलास सायंकाळी टेकावयास जागा असावी, यासाठी एका निरक्षर, निष्कांचन माणसाने आपले आयुष्य वेचले. त्यांच्या पुण्यस्मरणास संस्थानतर्फे विनम्र अभिवादन.

आपली यात्रा सुखरूप होवो.

— सचिव, संस्थान कार्यालय